रात्री दहाचं जेवण, सहाचा वडापाव आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या

डोंबिवली_जलद
सोमवार, रात्री ११:०५

ओळखीतल्या कुणाची पन्नाशीच्या आत अँजिओप्लास्टी झाली की आपल्याकडचं बोलणं ठरलेल्या वळणावर जातं. तूप खायचा का? अंडी किती? मटण आठवड्यातून किती वेळा? मग घाण्याचं तेल चांगलं की रिफाइंड, यावर तासभर. आपण रात्री किती वाजता जेवतो, दिवसभर पोट किती तास रिकामं ठेवतो, भूक लागते तेव्हा समोर काय असतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला तोच मुख्य प्रश्न वाटतो. एखाद्या पदार्थापेक्षा रोजच्या खाण्याचा साचा हृदयाचं जास्त भलंबुरं करतो, असं माझं ठाम मत झालं आहे. मुंबईत लांबून नोकरीला येणाऱ्या माणसाचा साचा बघा. सव्वासातची गाडी गाठायची म्हणून सकाळी चहा आणि दोन खारी. अकराला ऑफिसात चहा-बिस्किटं. दीडला डबा, म्हणजे चपाती-भाजी, कधी डाळ-भात. दिवसभरातलं सगळ्यात शहाणं जेवण हेच, आणि तेही पंधरा मिनिटांत उरकलेलं. सहाच्या सुमाराला कडकडून भूक लागते, तेव्हा टपरीवरचा वडापाव नाहीतर समोसा आणि पुन्हा साखरेचा चहा. मग ठाणे, कल्याण, विरार. घरी पोचायला नऊ-साडेनऊ. दहाला भरपेट जेवण, कारण निवांत बसून खायची वेळ तीच. अकराला अंथरुणात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासाने दाखवलं की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींमध्ये सामावलेला असतो. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण यांच्या जोडीला रोज फळं-भाज्या न खाणं हेही त्या यादीत आहे. त्याच अभ्यासातल्या दक्षिण आशियातल्या लोकांची आकडेवारी २००७ मध्ये वेगळी मांडली गेली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, इतर देशांत ५९च्या आसपास. ही सहा वर्षं म्हणजे मुलांची कॉलेजं आणि घराचे हप्ते चालू असतानाची वर्षं.

तुमच्या घरात, डब्यात, प्रवासात कुठले बदल खरोखर टिकले ते लिहा. आठ दिवसांची डाएट नकोत.


आमसुलाचं_सार
सोमवार, रात्री ११:४०

चांगला धागा. फक्त एक शंका. आमची आजी मालवणची. प्रत्येक कालवणात नारळाचं वाटण, सणाला खोबरेल तेलातले घावणे. नव्वदी पार केली, हृदयाची एक गोळी घेतली नाही. मग नारळ वाईट कसा?


दवाखाना_लालबाग
मंगळवार, सकाळी ७:१५

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. तरी रोज हेच पेशंट बघतो म्हणून सविस्तर लिहितो.

नळात गाळ साचून नळ तुंबतो तसं धमनीत होतं, हा समज आधी बाजूला ठेवू या. चरबी साठते ती धमनीच्या भिंतीच्या आत. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकतात. त्यांचं ऑक्सिडेशन होतं. पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यावर शरीर एक आवरण तयार करतं. हे आवरण पातळ असेल आणि एके दिवशी फाटलं, तर त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद. म्हणूनच काल ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आलेल्या माणसालाही आज झटका येऊ शकतो.

हे सगळं चाळिशीनंतर सुरू होत नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली होती. सरासरी वय २२, आणि त्यातल्या ७७ टक्के तरुणांच्या धमन्यांत बदल दिसायला लागले होते. बाविसाव्या वर्षी! आपली मुलं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काय खातात, हा प्रश्न म्हणून आजच्या हृदयाचाच आहे.

आता आजींचं. नारळाच्या तेलातली बहुतेक चरबी संपृक्त (थंडीत थिजणारी) असते आणि तिने एलडीएल वाढतं, यात शंका नाही. पण आजींचा अख्खा दिवस बघा. विहिरीवरून पाणी, चढउतार, लाल भात, कुळथाची पिठी, ताजे मासे, दिवेलागणीला जेवण. त्या दिवसात नारळ बसत होता. तोच नारळ खुर्चीत दहा तास बसणाऱ्या माणसाच्या दिवसात, मैद्याच्या आणि तळणाच्या जोडीला आला की हिशेब बदलतो. शिवाय नव्वदी गाठलेल्या आजी आपल्याला दिसतात. साठीत गेलेली त्यांची भावंडं कुणी उदाहरणाला घेत नाही.

आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये एक नमुना सारखा दिसतो. एकूण कोलेस्टेरॉल फार नसतं, पण ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) जास्त आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी. याचं मोठं कारण पिष्ट आणि साखर. गरजेपेक्षा जास्त आलेला मैदा, भात, साखर यांचं यकृत चरबीत रूपांतर करतं आणि ती रक्तात सोडतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं. त्यामुळे मी पेशंटला तेलाच्या आधी ताटातल्या भात-पोळीची आणि चहातल्या साखरेची चौकशी करतो.


तूपभात
मंगळवार, सकाळी ९:३०

डॉक्टर, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. तीस-चाळीस वर्षं लोकांना चरबीची भीती घातली आणि त्या जागी बिस्किटं आणि कॉर्नफ्लेक्स आले. घरचं साजूक तूप कधीच खलनायक नव्हतं. मी वरण-भातावर तूप घेणारच आणि मुलांनाही देणार.


दवाखाना_लालबाग
मंगळवार, सकाळी १०:०५

@तूपभात, तुमच्याशी अर्धा सहमत. तूप कमी केलं आणि त्या जागी मैदा-साखर आली तर हृदयाला काहीच मिळत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण त्या जागी शेंगदाणे, मासे, शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल आलं तर एलडीएल उतरतं आणि धोकाही घटतो. तुपातली साठ टक्क्यांच्या वर चरबी संपृक्त आहे. वरण-भातावरचं एक चमचा तूप म्हणजे सुमारे तीन ग्रॅम संपृक्त चरबी, ती चालेल. तूप पोळीला, भाताला, शिऱ्याला, वर बुलेटप्रूफ (लोणी-तूप घातलेल्या) कॉफीतही, असं जे सुरू झालंय ते मला धोक्याचं वाटतं. ज्यांचं एलडीएल आधीच जास्त आहे त्यांनी तर नाहीच.


ठाणे_पूर्व
मंगळवार, सकाळी १०:२०

रात्री उशिरा जेवण्याचं काय? खरंच काही सिद्ध झालंय की नुसतंच ‘सूर्यास्तापूर्वी जेवा’?


दवाखाना_लालबाग
मंगळवार, दुपारी २:१०

फ्रान्समधला एक मोठा अभ्यास २०२३च्या डिसेंबरमध्ये आला. एक लाखाहून अधिक लोक, सुमारे सात वर्षं पाठपुरावा. रात्री आठच्या आत जेवणाऱ्यांच्या तुलनेत नऊनंतर शेवटचं जेवण घेणाऱ्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं प्रमाण २८ टक्के जास्त होतं, आणि हा फरक बायकांमध्ये अधिक ठळक होता. सकाळचं पहिलं खाणं जितकं उशिरा, तितका हृदयविकाराचा धोका थोडा वाढलेला दिसला.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. उशिरा जेवणारे लोक कमी झोपतात, जास्त ताणात असतात. संशोधकांनी ते शक्य तितकं वेगळं काढलं, तरी कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. पण शरीरशास्त्र त्याच बाजूला बोट दाखवतं. संध्याकाळनंतर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. तोच भात दुपारी खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते. तेलकट जेवणानंतर रक्तातली चरबी तीन-चार तासांनी सगळ्यात वर जाते, म्हणजे दहाला जेवलात तर रात्री एक-दोनला. रात्री बीपी उतरून रक्तवाहिन्यांना विसावा मिळायला हवा, नेमक्या त्याच वेळी.


गिरगावची_सुगरण
मंगळवार, संध्याकाळी ४:४५

माझं पोळी-भाजी केंद्र आहे, म्हणून तेलाबद्दल मीच लिहिते.

गिऱ्हाइकाला तर्री दिसली पाहिजे असते. रस्सा-भाजीवर लाल तवंग नसला तर ‘आज चव नाही’ म्हणतात. तरी मी तेल वाटीने मोजून घ्यायला सुरुवात केली आणि फोडणी आधीपेक्षा चांगली व्हायला लागली, कारण कमी तेल नीट तापतं. भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवा, वर ताटात पाणी ठेवा. आपल्या आया हेच करायच्या.

घरच्यासाठी हिशेब सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे ताट आखून दिलं, त्यात २००० उष्मांकांमागे तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे साडेतीन पिशव्या. तुमच्या वाण्याच्या यादीत किती पिशव्या आहेत बघा. आणि बाहेरचा वडा, फरसाण, हॉटेल हे सगळं त्या साडेतीन पिशव्यांतच धरायचंय!

दुसरं, तळणीचं तेल. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला बंदी आहे, १ जुलै २०१८ पासून. मोजायला यंत्र लागतं, पण डोळ्यांना कळतं. तेल काळपट आणि दाट झालं, वडा सोडल्यावर फेस येऊन तो बसेना, तापण्याआधीच धूर निघाला, की ते तेल संपलं. ज्या गाडीवर सकाळच्या कढईत संध्याकाळी वर नवं तेल ओततात तिथे खाऊ नका. आमच्याकडे तळणाचा दिवस ठरलेला असतो आणि उरलेलं तेल परत कढईत जात नाही.

खारी, बटर, नानकटाई, क्रीम रोल यांच्यात पूर्वी वनस्पती तूप भरपूर असायचं, त्यातून ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी हृदयाला घातक चरबी, पोटात जायची. जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. ही मोठी गोष्ट झाली. पण खारीतला मैदा आणि पाम तेल कुठे गेलं नाही. सकाळी उपाशीपोटी खारी खाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की रात्रीच्या दोन पोळ्या डब्यात ठेवा आणि सकाळी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर त्याच खा.


बीपीवाला_बोरिवली
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

सुगरणताई, मिठाचाही असाच हिशेब होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. चार माणसं, महिना, म्हणजे ६०० ग्रॅम. आमच्या घरी एक किलोची पिशवी महिना पुरत नव्हती, वर लोणचं, पापड, फरसाण, सॉस, पाव वेगळे. आता पिशवी उघडली की तारीख लिहितो. ताटात मीठ वाढणं बंद केलं, लिंबू मात्र भरपूर. पहिले पंधरा दिवस आमटी अळणी लागते, मग जिभेला सवय होते.

डॉक्टर, बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते घ्यावं का?


दवाखाना_लालबाग
मंगळवार, रात्री ९:००

त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आले. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही लोकांचा बाकीचा आहार न बदलता. मला हा फार आशेचा निकाल वाटतो. पण किडनीचा आजार असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील ज्यांनी पोटॅशियम वाढतं, तर ते मीठ धोक्याचं ठरू शकतं. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मगच पिशवी आणा.


माहीम_कोळीवाडा
बुधवार, सकाळी ११:१५

माशांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

हृदयाला चांगलं ते ओमेगा-३ (एक प्रकारची चरबी) सगळ्यात जास्त असतं बांगडा आणि तारली यांच्यात. म्हणजे जे मासे पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त, ज्यांना लोक वास येतो म्हणून नाक मुरडतात. आठवड्यातून दोनदा बांगडा खाल्ला तरी पुष्कळ. पण कालवण करा. चिंच-कोकम, थोडं वाटण, मासा रटरट न उकळता. रवा लावून कढईभर तेलात तळला तर माशाचा फायदा कमी आणि तेलाचा तोटा जास्त. तव्यावर चमचाभर तेलात परतलेला बांगडा तळलेल्यापेक्षा कमी चवीचा नसतो, हे मी कुणालाही करून वाढायला तयार आहे.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद. तेव्हा घरोघरी सुकट, सुके बोंबील, सोडे निघतात. त्यांच्यात मीठ फार. बीपी असलेल्यांनी गरम पाण्यात भिजवून, दोन पाणी बदलून मग करावेत, आणि चवीपुरतेच. वांग्यात किंवा शेवग्याच्या शेंगांत मूठभर सुकट घातली तर अख्ख्या भाजीला चव येते, वरून मीठ लागत नाही.


विठ्ठलाची_वारी
बुधवार, दुपारी १२:४०

आम्ही माळकरी, मासे नाहीत. आमच्यासाठी जवसाची चटणी, अक्रोड, आणि रोज एक उसळ. मटकी, मूग, चवळी, वाल. भिजवायचं लक्षात ठेवलं की झालं. कडधान्यातला चोथा कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं.

उपवासाबद्दल मनापासून सांगते. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात तूप, दाण्याचं कूट, बटाटा, वर वेफर्स. श्रावणात आणि चातुर्मासात तर हे दर आठवड्याला दोन-तीनदा होतं. उपवास हलकं राहण्यासाठी आहे. आमच्याकडे आता वरीचे तांदूळ थोडे, ताक, उकडलेलं रताळं, काकडी, एखादं फळ. साबुदाण्याची खिचडी महाशिवरात्र आणि आषाढीला, आनंदाने.


तिसरी_पाळी
बुधवार, दुपारी ३:३०

सगळे रात्री आठच्या आत जेवा म्हणताय. मी रात्रपाळीला असतो. ड्युटीच दहाला सुरू. रात्री दोनला कॅन्टीनचा पावभाजीचा तवा तेवढा चालू असतो. आम्ही काय करायचं?


दवाखाना_लालबाग
बुधवार, रात्री ८:५०

तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण या शहराचे दवाखाने, गोदी, छापखाने, बस डेपो तुमच्यासारख्यांवर चालतात आणि तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून सल्ला कुणी देत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगशाळेत १९ तरुणांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवलं. ज्यांनी रात्री जेवण घेतलं त्यांची रक्तातली साखर बिघडली. रात्री जागूनही ज्यांनी जेवण फक्त दिवसा घेतलं त्यांची बिघडली नाही. प्रयोग छोटा आहे, पण दिशा दाखवतो.

मुख्य जेवण कामावर निघण्याआधी, सात-आठला. रात्री खूपच भूक लागली तर मूठभर फुटाणे, ताक, एखादं फळ किंवा उकडलेलं अंडं. सकाळी घरी जाऊन पोहे-उपमा किंवा पोळी-भाजी, मग झोप. रात्री दोनला पावभाजी आणि सकाळी आठला पडून राहणं, हे जितकं टाळाल तितकं बरं. आणि वर्षातून एकदा साखर, बीपी, लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी) तपासाच, वय तीस असलं तरी.


उंबरठ्याआत
बुधवार, रात्री १०:३०

धागा आवडला, पण इथे सगळे नोकरीला जाणाऱ्या पुरुषाच्या साच्याबद्दल बोलताहेत. बाईचा साचा कुणी मांडला नाही.

सकाळी साडेपाचला उठून तिने सगळ्यांचे डबे भरलेले असतात. स्वतः चहा, मग अजून एक चहा, मुलाने टाकलेला पोळीचा तुकडा. नोकरी असेल तर धावपळ, नसेल तर अकरा-बारापर्यंत पोटात काही नाही. दुपारी एकटीसाठी कोण करतं, म्हणून कालचा भात परतून किंवा चिवडा. रात्री सगळ्यांचं वाढून झाल्यावर साडेदहाला शेवटचं ताट, आणि त्यात जे उरलं ते. भाजी संपलेली असते, भात उरलेला असतो. फुकट जायला नको म्हणून एक पोळी जास्त. ज्या घरात भाजी सगळ्यांत आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात जाते, त्या घरात बाईच्या वाट्याला वर्षानुवर्षं पिष्टच येतं. फ्रान्सच्या अभ्यासात उशिरा जेवणाचा परिणाम बायकांत ठळक दिसला, हे वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले.

पाळी थांबल्यावर बाईचा हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि घरात कुणाच्या गावीही नसतं. माझ्या जवळच्या नात्यातल्या बाईंना जबडा दुखणं, पाठ दुखणं, मळमळ, जिना चढताना धाप, असं तीन दिवस चाललं होतं. त्या ॲसिडिटीची गोळी घेऊन स्वयंपाक करत राहिल्या. छातीत कळ आलीच नाही म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. वेळेत नेलं असतं तर हृदयाचा जो भाग गेला तो वाचला असता. बायकांनाही छातीत दुखतंच, पण असंही होतं, एवढं प्रत्येक घरात माहीत असू दे. शंका आली तर १०८ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आमच्या घरी मी एक नियम केला आणि त्यावर ठाम राहिले. सगळे एकत्र बसायचं, भांडी मध्ये ठेवायची, प्रत्येकाने आपलं वाढून घ्यायचं, आणि भाजीचे पाच समान वाटे. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नाही. आता त्याच कोशिंबीर सगळ्यांच्या पानात आधी वाढतात.


आमसुलाचं_सार
बुधवार, रात्री १०:५५

@उंबरठ्याआत, हा प्रतिसाद मी आईला आणि दोन्ही मावश्यांना पाठवला.


ठाणे_पूर्व
गुरुवार, सकाळी ८:२०

एकत्र जेवणाचाच मुद्दा अडतो ना पण. आमच्याकडे रात्रीचं जेवण हीच चौघांनी एकत्र बसायची वेळ. मी आधी जेवून आलो तर बायको-मुलांना वाटतं बाबा परका झाला. बाबा यायची वाट बघत मुलंही दहापर्यंत उपाशी.


डोंबिवली_जलद
गुरुवार, रात्री १०:१५

@ठाणे_पूर्व, नेमका हाच प्रश्न आमच्या गाडीतल्या गटातही आला होता. आम्ही काढलेला मार्ग सांगतो.

दुसरा डबा. दुपारचा वेगळा, आणि सव्वासहा-साडेसहाचा वेगळा. ऑफिसातून निघायच्या आधी जागेवर बसून खायचा. नाश्त्यासारखा नव्हे, जेवणासारखा. मटकीची सुकी उसळ आणि ज्वारीची भाकरी, किंवा मुगाची धिरडी आणि काकडी, किंवा उकडलेली अंडी आणि चपाती. यानंतर वडापावच्या गाडीवरून जाताना वास येतो, पण पाय थांबत नाहीत, कारण पोटात खरोखर काहीतरी असतं. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. सहाची भूक इच्छाशक्तीने मारता येत नाही, ती आधीच भागवावी लागते.

घरी पोचल्यावर सगळ्यांबरोबर बसतो. माझ्या पानात वाटीभर आमटी किंवा कढी, भाजी, कोशिंबीर. भात नाही. मुलांना बायको आठलाच जेवायला वाढते, ती दोघं माझ्याबरोबर ताक पीत बसतात. गप्पा तेवढ्याच होतात. रविवारी दुपारी मात्र चौघांचं साग्रसंगीत जेवण, मटण असलं तर मटण.

गटातल्या सगळ्यांना हे जमलेलं नाही. दोघांच्या ऑफिसात डबा खायला जागा नाही, एकाचा साहेब सातला मीटिंग लावतो. माझं स्पष्ट मत आहे की ज्या कंपन्या दर वर्षी हृदय तपासणीचं शिबिर भरवतात, त्यांनी आधी संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटांची सुट्टी आणि कॅन्टीनमध्ये समोशाच्या जोडीला उसळ ठेवावी.


बीपीवाला_बोरिवली
गुरुवार, रात्री १०:४०

कल्पना पटली. तपासणीचं विचारतो. लिपिडसाठी बारा तास उपाशी राहायलाच हवं का? त्यापायी माझं दर वर्षी राहून जातं.


दवाखाना_लालबाग
शुक्रवार, सकाळी ७:००

बहुतेकांना गरज नाही. २०१६ पासून युरोपातल्या तज्ज्ञांनी उपाशी न राहता केलेली तपासणी ग्राह्य धरली आहे. ट्रायग्लिसराइड्स खूप जास्त आले तर उपाशीपोटी पुन्हा करायची. शिवाय आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा कण) ही तपासणी करून घ्या, विशेषतः घरात कमी वयात झटक्याचा इतिहास असेल तर. ते अनुवंशाने येतं, आहाराने फारसं हलत नाही. ते वाढलेलं निघालं तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जास्त काटेकोर ठेवाव्या लागतात. टेप घेऊन पोटाचा घेरही मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्या वर नको.

आणि कुणीही हा धागा वाचून चालू असलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) किंवा बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. आहार गोळीच्या जोडीला आहे.


ठाणे_पूर्व
शुक्रवार, दुपारी १:२५

दुसरा डबा सोमवारपासून सुरू करतोय. सकाळी सातला भरलेली उसळ संध्याकाळी सहापर्यंत टिकेल का? मे महिन्यात गाडीत काय हाल होतात माहीत आहे.


गिरगावची_सुगरण
शुक्रवार, दुपारी ३:५०

टिकते, पण नीट करायला हवी. ओलं खोबरं अजिबात घालू नका, त्यानेच आधी आंबते. कांदा-टोमॅटोही नको. मोड आलेली मटकी हिंग, हळद, लसणाच्या फोडणीवर घालून पाण्याच्या हबक्यावर शिजवा, रस राहू देऊ नका, शेवटी आमसूल. ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे, मगच डब्यात भरा. गरम भरलं की झाकणाला पाणी सुटतं. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्या पोचल्या त्यात ठेवा. फ्रिज नसेल तर एप्रिल-मेमध्ये उसळ नको, फुटाणे, शेंगदाणे, भाकरी आणि जवसाची चटणी न्या, काकडी अख्खी न्या आणि तिथेच चिरा.